कलामावशीची पहाटेची स्वप्नं

२९ जून

फिजिओच्या मॅडम म्हणाल्या, उजव्या हाताची बोटं हलती ठेवायला रोज चार ओळी लिहा. म्हणून माझ्या लेकीने, पूजाने, ही डायरी काढून दिली. खताच्या दुकानातून जानेवारीत फुकट मिळालेली, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पोत्याचं चित्र. अर्धं वर्ष कोरं गेलं आहे. त्या अर्ध्या वर्षात मी झेंडू तोडला, फुलबाजारात व्यापाऱ्यांशी भांडले आणि गाठ अंगावर काढली.

ऑपरेशन होऊन आठवडा झाला. उजवा स्तन काढला. एवढं लिहायला मला चहा थंड होईपर्यंत वेळ लागला. लिहिल्यावर काही झालं नाही. पंखा फिरतोच आहे.

भूल उतरत होती तेव्हा मी आमच्या विहिरीच्या पाण्यावर उताणी पडून तरंगत होते. वरून एका बाईचं तोंड डोकावलं आणि म्हणालं, "ऊठ माय, तुझी पिशवी शिवून ठेवली." मला वाटलं यम बाई आहे आणि माझं सामान बांधून आली आहे. नंतर कळलं, ती शेजारच्या खाटेवरची कलाबाई. जखमेतून एक नळी निघते, ती एका बाटलीत जाते आणि ती बाटली घेऊनच संडासला जायचं, चहा प्यायचा, पाहुण्यांशी बोलायचं. कलाबाई जुन्या लुगड्याच्या गळ्यात अडकवायच्या पिशव्या शिवते आणि वॉर्डात येईल तिला देते. माझी निळी आहे, काठाची.

ती लासलगावची. जन्मभर व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदे निवडले. तिचं ऑपरेशन गेल्या वर्षीच झालं. "मग परत कशाला आलात?" मी विचारलं. म्हणाली, "मागल्या सालचे थोडे डोस राह्यले व्हते. डाक्टर म्हनले, संपवून टाका." बरोबर आहे. राहिलेलं काम अंगावर ठेवू नये.

५ जुलै

घरी आले. नळी निघाली.

गंमत अशी की जी बाजू नाही ती खाजते. हात आपोआप जातो आणि सपाट पट्टीवर आपटतो. दुपारी गोळीची गुंगी चढली की वाटतं, ती बाजू मेलेली नाही, नुसती कुठेतरी गेली आहे. शेवंतीच्या वाफ्यांतून हिंडते आहे, उन्हं उतरली की येईल घरी. मग जाग येते, आणि मी रडते. लपवण्यात काय अर्थ आहे, रडते.

सोमनाथ आला, दारात उभा राहिला, "काय पाहिजे का?" म्हणाला आणि नाही म्हटल्यावर गेला. तोंडाने मी नवऱ्याचं नाव कधी घेत नाही, पण डायरीत मला कोण अडवतंय. सोमनाथ. वीस वर्षं मी त्याच्या बाजूला झोपले आणि आता तो दारातून आत येत नाही. मीही त्याला जखम दाखवलेली नाही. पट्टी पूजाच बदलते.

१२ जुलै

वॉर्डातली तिसरी तेजस्विनी. नाशिक रोडला राहते, विम्याच्या ऑफिसात आहे, वयाने माझ्याहून लहान आणि बोलायला फटाकडी. तिने आम्हा तिघींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि नाव ठेवलं 'दोन डाव्या एक उजवी'. पूजा लाजली. मी दोन दिवस हसले, टाके दुखेपर्यंत.

आज पहाटे, आमचे लोक तोडणीला जायला उठले होते तेव्हा, त्यावर कलामावशीचा आवाज आला. जसा ऐकला तसा उतरवून ठेवते.

"बाया हो, सपान ऐका. मी यार्डात व्हते. समदे ट्रॅक्टर लायनीत उभे, पण ट्रॉल्यांत कांदा नाय. मोगऱ्याच्या कळ्या, न उमललेल्या, शिगोशीग. लिलाव चालू व्हता, पण बोली पुकारणारा नुसता कुजबुजत व्हता. म्हनलं, भाऊ, घसा बसला का? तर म्हने, मावशी, हळू बोला, कळ्या झोपल्यात. मंग आख्खं यार्ड पायातलं काढून चालाया लागलं."

मी ते चारदा ऐकलं. दिवसभर भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम करताना मला वाटत होतं, भिंतीपलीकडे काहीतरी झोपलं आहे आणि मी हळूच वर चढते आहे.

मला स्वप्नं पडत नाहीत. मी दिवसभर इतकी भांडते की रात्रीसाठी काही उरत नाही, असं पूजा म्हणते.

१९ जुलै

काल पहिला डोस. एकूण सहा आहेत, तीन-तीन आठवड्यांनी, शुक्रवारी. मावशीचाही शुक्रवारच असतो, आणि तेजस्विनीचाही. तिघी ओळीने आरामखुर्च्यांत, तिघींना सलाईन.

मावशीने तिथे एक रीत घालून दिली आहे. आपल्या घरचा डबा आपण उघडायचा नाही. औषध चढलं की आपलं अन्न आपल्यालाच लोखंडासारखं लागतं, दुसरीचं मात्र घासभर उतरतं. तेजस्विनीने माझी मेथी खाल्ली, मी मावशीची बाजरीची भाकरी आणि ठेचा चाटला. मावशीच्या वाट्याला तेजस्विनीचा पास्ता आला. म्हणाली, "शेवयांना कुनी भोकं पाडली गं?" आणि अर्धा तसाच ठेवला.

७ ऑगस्ट

केस गेले. उशीवर, भाकरीत, पूजाच्या कॉलेजच्या ओढणीवर. मी मेल्यासारखी पडून राहिले. मग मावशीचं स्वप्न आलं, जणू तिला कुणी कळवलंच होतं.

मालगाडी. कांद्याचे डबे, दारं सताड उघडी, आणि आत आम्ही बायका बसलेल्या. गाडी कुठे चालली म्हणून विचारलं तर कुठेच नाही, नुसती चालली. आमचे सगळ्यांचे केस दारांतून बाहेर, इतके लांब की रुळाच्या कडेच्या गवतावर लोळत होते. "मनमाडला येक बाई फणी घिऊन पळत आली," मावशी म्हणाली, "पर गाडी काय थांबली नाय."

तेजस्विनीने विचारलं, "मावशी, तुम्हाला इतकं डिटेल कसं आठवतं? मला आठवतं ते फक्त ऑफिसचं सर्व्हर डाऊन झालेलं." मावशी म्हणाली, "मला झोपच लय गाढ लागती."

मला तिचा हेवा वाटतो. मी एका कुशीवर तळमळत असते.

पहाटेचं स्वप्न खरं होतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मालगाडीचं कसं खरं होणार ते माहीत नाही. पण केस येतील, एवढं मी त्यातून घेतलं.

३० ऑगस्ट

तिसरा डोस झाला. गणपती बसलेत. हारांसाठी घरात फुलांचे ढीग, आणि मला फुलांचा वास सोसत नाही. ज्या वासात मी या घरात नांदायला आले, ज्या वासावर पोर वाढवली, त्याच वासाने मी मोरीत वाकून ओकते आहे. फुलवाल्याच्या घरात मी आता करायचं काय?

सोमनाथने क्रेट हलवले. पूर्वी तोडलेली फुलं रात्रभर आमच्या ओट्यावर असायची. आता तो ती मळ्यात पाण्याच्या मोटारीच्या खोलीत ठेवतो आणि राखायला तिथेच झोपतो. येताना विहिरीवर आंघोळ करून, कपडे बदलून येतो. बरं निमित्त सापडलं त्याला. बायकोच्या खोलीत झोपायला नको.

मावशी डोसला आली तेव्हा सुनेच्या खांद्यावर हात टाकून आली. कांद्याची पोती उचलून कंबर धरली म्हणे. या वयात हौस बघा.

१४ सप्टेंबर

तोंडभर फोड. पाणीही बोचतं. दिवस आणि रात्र यांची शिवण उसवली आहे, मी कुठल्या वेळेत आहे ते समजत नाही. डोळे मिटले की आमचा मळा पाण्याखाली दिसतो. पिवळी फुलं पाण्यात हलतात, आणि त्यांना वास नसतो. तिथेच राहावंसं वाटतं.

चौथा डोस शुक्रवारी आहे. मी जाणार नाही. अजून कुणाला बोलले नाही, आधी इथे लिहिते. गाठ तर काढली. मग हे विष कशासाठी? डॉक्टर म्हणतात, परत येऊ नये म्हणून. न येण्यासाठी मी असं किती मरायचं?

१७ सप्टेंबर

सांगितलं. पूजा रडली, ओरडली, दार आपटून गेली. सोमनाथ ताट अर्धवट सोडून उठला आणि मोबाईल घेऊन मळ्याकडे गेला. त्याला माझ्यापेक्षा फुलांचे भाव महत्त्वाचे. दसरा तोंडावर आलाय, रोज संध्याकाळी तो तासभर कुणाशी तरी बोलत असतो. व्यापारीच असणार.

मला वाटलं होतं तो म्हणेल, जा. ओरडून म्हणेल. मी वाट बघत होते.

१८ सप्टेंबर

आज मावशीचा आवाज ग्रुपवर आला नाही, फक्त मला आला.

"सुवर्णे, पहाटं तुला पाह्यलं. तू म्हातारी झाली व्हतीस. लय कजाग म्हातारी. केसांचा आंबाडा लसणाच्या गड्डीयेवढा, चष्म्याला दोरी, फुडचा येक दात नाय. मोटारीच्या खोलीमागं चाफा हाय ना, त्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसली व्हतीस आन् तोडणाऱ्या पोरींना वरडत व्हतीस, देठ आखूड ठिवू नका म्हनून. मी हाक मारली तर म्हनलीस, थांबा मावशी, आधी माल भरू द्या."

मी उलट फोन केला. म्हटलं, "मावशी, आमच्या मोटारीच्या खोलीमागे चाफा नाही. नुसतं गवत आहे."

"मला तर दिसला बया."

"आणि तुम्ही होता ना तिथे? म्हणजे तुम्हीपण तेवढ्या म्हाताऱ्या?"

ती म्हणाली, "मी बघत व्हते म्हंजी असंलच की कुठंतरी."

दुपारभर चैन पडेना. उन्हं उतरल्यावर पदर नाकाला बांधून मळ्यात गेले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. मोटारीच्या खोलीमागे गेले आणि उभी राहिले. गुडघ्याएवढा चाफा. ताजं आळं केलेलं, पाणी दिलेलं, शेळी खाऊ नये म्हणून भोवती काट्या.

सोमनाथ तिथेच होता. "हा कधी लावला हो?"

"झाले दोन-तीन दिस."

"कुणाला सांगितलंत?"

"झाडच तर लावलं. त्यात काय सांगायचं?" म्हणाला, आणि मोटार चालू करायला वळला.

माझ्या अंगावर काटा आला. लासलगावात झोपलेल्या बाईला मखमलाबादच्या आमच्या मळ्यातलं दोन दिवसांचं झाड दिसलं. आणि झाड खरं असेल तर म्हातारीही खरी. मी तिथेच गवतात बसले. मला म्हातारी व्हायचं आहे. हे मला आजवर माहीतच नव्हतं.

रात्री पूजाला म्हटलं, उद्याचा डबा भर. भेंडी कर, तेजस्विनीला आवडते.

२० सप्टेंबर

चौथा झाला. मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आलीस का म्हातारे." बाकी काही नाही. सलाईन संपेपर्यंत ती खुर्चीत ताठ बसून होती. मागे टेकली नाही. नर्स म्हणाली, आजी जरा आडव्या व्हा. ती म्हणाली, घरी लय झोपते मी.

२ ऑक्टोबर

दसरा. वास अजून सोसत नाही, पण ओकारी आली नाही. खिडकीतून पाहिलं, टेम्पो पिवळाधमक भरून गेला.

मावशीची स्वप्नं आता तुटक येतात. घसा बसल्यासारखा आवाज आहे. पहाटे गार वारा सुटतो, कानाला बांधून झोपावं एवढं तिला कळत नाही.

११ ऑक्टोबर

पाचवा झाला. मावशी आली नाही. फोनवर म्हणाली, माझे डोस संपले, सुटले मी. मला आनंद झाला. मग थोडा रागही आला, आम्हाला पेढे न देताच सुटली.

२५ ऑक्टोबर

दिवाळी झाली. मावशीचं स्वप्न येऊन बरेच दिवस झाले होते, म्हणून तेजस्विनीच्या गाडीतून आज आम्ही लासलगावला गेलो. मी फराळ नेला होता.

मावशी ओट्यावर, भिंतीला उश्या लावून बसलेली. एवढीशी झाली आहे. आम्हाला बघून हसली, शंकरपाळी तोंडात धरून ठेवली, गिळली नाही. फार वेळ बोलली नाही. डोळे उघडेच होते, पण आमच्यातून आरपार बघत होती.

तिची सून पिंकी आम्हाला सोडायला गाडीपर्यंत आली आणि तिथे रडायला लागली. "ताई, तुमाला नाय सांगितलं का त्यांनी? हाडात गेलंय. मागल्या साली बरं झालं म्हनून घरी आनलं व्हतं, मे महिन्यात परत निघालं. आता डाक्टर म्हनत्यात, औषध थांबवा."

तेजस्विनी म्हणाली, "पण झोप तरी चांगली आहे ना? त्यांना रोज इतकी छान स्वप्नं..."

"कसली झोप? गणपतीपासून आडवं पडता येईना, पाठीत कळा मारत्यात. बसूनच रात काढायची. पहाट झाली का मोबाईल घिऊन ओट्यावर. मी म्हनायची, आत चला, गारठा हाय. तर म्हनायच्या, गप बस, पोरींसाठी सपान जुळवून राह्यले."

परतताना दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं होती आणि वर धुकट आभाळ. मला वाटत होतं गाडी जागच्या जागी आहे आणि शेतंच मागे सरकत आहेत.

२८ ऑक्टोबर

खरं लिहायचं तर मला आधी दुःख झालं नाही. राग आला. म्हणजे ती म्हातारी, तो चष्मा, तो पडका दात, सगळं ओट्यावर बसून जुळवलेलं. मी त्या म्हातारीच्या भरवशावर दोन डोस घेतले. माझं म्हातारपण तिने थापेत बांधून दिलं आणि मी ते घरात आणून ठेवलं.

येत्या शुक्रवारी शेवटचा डोस आहे. घ्यायचा कशाच्या जोरावर?

चाफ्याचं तिला कसं कळलं, ते मात्र मला उलगडत नाही. सोमनाथला मावशीचं सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता खाली बसला. मग म्हणाला, "लय मोठ्या मनाची बाई," आणि फवारणीचा पंप धुवायला गेला. तो धुतलेलाच होता. मावशीला तो एकदा-दोनदा वॉर्डात भेटला असेल, अडीअडचणीला म्हणून तिचा नंबर घेतला असेल, तेवढ्यावर त्याला काय कळणार तिचं मन.

३० ऑक्टोबर

कालपासून एकच विचार. पाठीत कळा येत असताना, उठून बसलेल्या बाईला माझा आंबाडा दिसत होता. स्वतःचा उद्या नाही हे माहीत असताना तिने माझ्या पुढच्या तीस वर्षांना खुर्ची टाकून दिली. झोपेत दिसलं असतं तर त्यात तिचं काय होतं? स्वप्न तर कुणालाही पडतं. तिने ते जागेपणी केलं.

राग गेला. आता नुसतं रडू येतंय.

३१ ऑक्टोबर

पहाटे उठले. आमचे लोक शेवंती तोडायला गेले होते, घर शांत होतं. मी ओट्यावर बसले, मोबाईल हातात धरला. मला हे येत नाही. भांडण असतं तर लगेच जुळवलं असतं. तीनदा बोलले आणि तीनदा पुसलं. मग डोळे मिटले आणि जे आलं ते बोलत गेले.

"मावशी, मला स्वप्न पडलं. पहिल्यांदाच. तुम्ही आमच्या घरी आला होता, खिडकीजवळच्या खाटेवर झोपला होता. उताण्या, हातपाय पसरून. पाठीखाली उशी नव्हती. उन्हं वर आली, तुम्ही उठला नाहीत. पूजाने चहा केला, तो गार झाला, परत केला. माणसं येत होती, तुम्हाला बघून चपला हातात घेऊन जात होती. दुपार झाली, संध्याकाळ झाली. पाठ तुमची गादीला अशी टेकली होती, जशी लहान लेकराची टेकते. मी बाजूला बसून वारा घालत होते. तुम्हाला काही दुखत नव्हतं मावशी. मी नीट बघितलं. कुठेच काही दुखत नव्हतं."

पाठवलं. पुसावं म्हणून बोट नेलं तोवर निळ्या खुणा झाल्या होत्या. तिने ऐकलं होतं. मी आंघोळ केली, डोक्याला रुमाल बांधला. सोमनाथने गाडी काढली होती. मी चपला घालत होते तेव्हा फोन वाजला.

आवाज अगदी बारीक. "घोरत व्हते का मी?"

"लय," मी म्हटलं.

"पहाटं पडलं का सपान?"

"पहाटेच. आता थोड्या वेळापूर्वी."

तिचा श्वास ऐकू येत होता, अडकत, सुटत. मला वाटलं ती आता म्हणेल, सुवर्णे, मला नको शिकवू.

"मंग खरं व्हनार," ती म्हणाली. "तू जा डोसला, उशीर करू नको. पडते मी जरा."

फोन तसाच चालू राहिला. पलीकडे ती सुनेला हाक मारत होती, "पिंके, ह्या उश्या काढ गं." मी तो कानाला धरूनच गाडीत बसले.